पोलाद कारखान्याच्या रुळांवर डिझेल इंजीन कसे आले



वीज येण्याआधी ज्यांच्या विहिरीवर ऑइल इंजीन होते, त्यांना हा विषय समजायला वेळ लागणार नाही. त्या इंजिनाला हँडल मारताना डोक्यावरचा खटका उचलून धरावा लागे. चाक चांगले फिरू लागले की खटका सोडायचा, मग ते धडधडू लागायचे. गावातल्या पिठाच्या गिरणीतही इंजीन आधी मोकळे फिरवीत आणि मगच पट्टा मोकळ्या पुलीवरून कामाच्या पुलीवर सरकवीत. भार लावून ठेवलेले डिझेल इंजीन चालूच होत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. वाफेच्या इंजिनाचे तसे नसते. वाफ भरली की उभ्या जागेवरून ते पूर्ण जोराने ओढते.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजीन जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये यशस्वी झाले. पण आगगाडीला ते जोडायचे कसे, यात पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने इंजीन थेट चाकांना जोडून मोठी गाडी तयार केली. ती हलवायला दाबलेल्या हवेचा धक्का द्यावा लागे, आणि रोजच्या कामाला ती उपयोगी पडली नाही.

उपाय सापडला तो विजेचा. डिझेल इंजिनाने फक्त डायनामो फिरवायचा आणि त्या विजेवर आसांवरच्या मोटरी चालवायच्या. इंजीन आपल्या चालीने फिरत राहते आणि मोटर उभ्या जागेवरून सर्वांत जास्त जोर लावते. अमेरिकेत १९२५ मध्ये न्यू जर्सीच्या सेंट्रल रेलरोडने अशा जातीचे इंजीन घेतले. वजन ६० टन, ताकद ३०० अश्वशक्ती. ते १९५७ पर्यंत कामावर होते. त्याच साच्याची इंजिने लवकरच पोलाद कारखान्यांतही गेली. इंग्लंडात फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्याने १९३२ मध्ये १५० अश्वशक्तीची तीन इंजिने घेतली. तिथे पुढे लोखंडाची भट्टीही उभी राहिली.

आता कोणी विचारील, की ६० टनांना ३०० अश्वशक्ती म्हणजे फारच कमी नाही का? लांब पल्ल्याच्या मेलगाडीला कमीच. पण कारखान्यात पळायचे कुठे असते? वितळलेल्या लोखंडाची पातेली भट्टीपासून पुढे न्यायची, राख आणि मळी टाकून यायची, कोळशाच्या वाघिणी लावायच्या, सगळे बैलगाडीच्या चालीने. तिथे वजन हवेच, नाहीतर चाके जागच्या जागी फिरतात. आपण नाही का ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी भरतो? त्या काळचे डिझेल इंजीन ताकदीच्या मानाने फार जड असे. मेलगाडीला तो दोष होता, पण कारखान्यात तो चालून गेला. डिझेल इंजिनाने आधी यार्डातली उमेदवारी केली ती यामुळेच.

दुसरे कारण हिशेबाचे. कारखान्यातले शंटिंगचे इंजीन बराच वेळ नुसते उभे असते. भट्टी फुटेपर्यंत थांबा, काटा मोकळा होईपर्यंत थांबा. वाफेचे इंजीन उभे राहिले तरी कोळसा खातच असते, कारण विझवले तर पुन्हा वाफ धरायला काही तास जातात. शिवाय पाणी भरणे, राख काढणे, बॉयलर धुणे हे आहेच. डिझेल बंद केले की खर्च बंद.

भारतीय रेल्वेवर मोठ्या प्रमाणात डिझेल आले तेही पोलादाच्याच निमित्ताने. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेच्या आल्को कंपनीची शंभर इंजिने आली. टाटानगरच्या बाजूला दक्षिण-पूर्व रेल्वेवर खनिज आणि कोळशाचा भार वाढला होता, तो ओढायला त्यांना तिकडे जुंपले. १९६४ पासून बनारसला इंजिने होऊ लागली.  खान्देशात डिझेल पाचोरा-जामनेरच्या अडीच फुटी रुळांवरही आले. कपाशीसाठी टाकलेली ती ५६ किलोमीटरची लाइन आधी वाफेवर, मग डिझेलवर चालली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

वाफेच्या इंजिनावर फावडे मारणाऱ्या फायरमनचे काय झाले, हेही सांगायला हवे. रेल्वेत त्याच्या जागी ‘डिझेल असिस्टंट’ आला. खाजगी कारखान्यांत पुष्कळ ठिकाणी एकच माणूस इंजीन चालवू लागला आणि दुसऱ्याची जागा गेली. मालकाच्या हिशेबात ही बचत पहिल्या ओळीत असे, बरं का!

साखर कारखान्यांनाही रूळ नवे नाहीत. वालचंदनगर आणि हरेगावच्या बेलापूर कंपनीकडे उसासाठी स्वतःची छोटी लाइन होती. तिकडे जावा बेटावर तर इंजिनात बगॅसच जाळीत. फुकटचे जळण घरात असल्यावर डिझेल विकत कोण घेईल? सहकारी कारखान्यांनी रूळ टाकले नाहीत, कारण कंपनीची शेती एकसलग आणि आपला ऊस गावोगाव, बांधाबांधाने विखुरलेला. म्हणून आपल्याकडे बैलगाडी, ट्रक आणि ट्रॅक्टर.

पण उभ्या इंजिनाचा हिशेब इथेही लागू आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या एफआरपीतूनच वजा होतो. गव्हाणीपुढच्या रांगेत ट्रॅक्टर तासन्‌तास धडधडत ठेवला, तर ते डिझेल वाहतूकदाराच्या खिशातून जाते आणि पुढच्या हंगामात दर ठरवताना तोच आकडा टेबलावर येतो. नवे इंजीन घेताना जुने इंजीन दिवसाचे किती तास उभे असते हे आधी मोजायला हवे. आपल्या वजनकाट्यावर गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ पडतेच. त्या दोन वेळांमधले अंतर गटवार काढून वार्षिक सभेत ठेवावे, अशी मागणी सभासदांना करता येईल.