होट्टलचं देऊळ, पांढरा कडुनिंब आणि काळी काच

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे. अशा कुठल्याही जुन्या देवळापुढे कॅमेरा घेऊन उभं राहिलं की एकच अडचण येते. शिखरापासून जोत्यापर्यंत सगळं एका चौकटीत हवं असतं, पण मागे सरकावं तर भिंत, झाड नाहीतर विजेची तार मधे येते. मग वाइड लेन्स निघते. ३५ मिमीच्या फिल्मवर ५० मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४७ अंश पाहते, २० मिमीची ९४ आणि १५ मिमीची तब्बल ११०.

इथवर ठीक आहे. पण त्याच देवळाचा अवरक्त छटेचा कृष्णधवल फोटो हवा असेल, म्हणजे आभाळ काळंभोर आणि आजूबाजूची झाडं पांढरीशुभ्र, तर लेन्सवर फिल्टर चढवावा लागतो. अतिवाइड लेन्सचं आणि फिल्टरचं मात्र जन्माचं वाकडं आहे.

आधी झाड पांढरं का होतं ते पाहू. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथं, तापमापक ठेवला आणि पारा चढला. त्या अदृश्य, म्हणजेच अवरक्त, किरणांत निसर्गदृश्यांचे फोटो काढून ते १९१० मध्ये लोकांपुढे ठेवले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी. पानांच्या त्या शुभ्रपणाला आजही ‘वुड परिणाम’ म्हणतात. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, पण साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढच्या प्रकाशाशी त्याला देणंघेणं नसतं. तो प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशींच्या भिंती आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत राहतो आणि जवळजवळ निम्मा परत बाहेर येतो. त्याच पानावरून हिरवा प्रकाश दहा-पंधरा टक्केच परततो. ‘अवरक्त म्हणजे उष्णता, झाड गरम म्हणून पांढरं’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते चूक आहे. अवरक्त फिल्म परावर्तित सूर्यप्रकाश टिपते, अंगातली ऊब तिला दिसत नाही.

आभाळाचा हिशेब वेगळा. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या तुलनेत ७२० ला हे विखुरणं साडेसहा पटीनं कमी होतं. म्हणून आभाळ काळं पडतं. पाणीही अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे करडखेडच्या तलावाचं पाणी अशा फोटोत काळंशार येणार.

हा नुसता हौशी खेळ नाही, हेही इथंच सांगायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळातल्या नारळबागांवर हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर फोटो घेतले. मुळं सडवणाऱ्या रोगानं पछाडलेली झाडं त्यांत निरोगी झाडांहून वेगळी दिसली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात याच प्रयोगापासून मोजतात. १९८८ मध्ये सुटलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यातही जवळच्या अवरक्ताचा स्वतंत्र पट्टा होता. पिकं किती तजेलदार आहेत, याचा उपग्रहावरून अंदाज बांधतात तो याच शुभ्रपणावर.

आता फिल्म. साधी कृष्णधवल फिल्म साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढे आंधळी होते. कोडॅकची खरी अवरक्त फिल्म, एचआयई, २००७ मध्ये बंद झाली. उरल्या त्यांत इल्फर्डची एसएफएक्स २०० ही ७४० पर्यंत पाहते, रोलाय इन्फ्रारेड ४०० ही ८२० पर्यंत. एसएफएक्सला म्हणूनच ‘अवरक्तासारखी’ म्हणायचं. तिच्यासाठी आर७२ नावाचा फिल्टर लागतो, जो ७२० नॅनोमीटरच्या आतलं जवळजवळ सगळं अडवतो. त्याहून गडद ८७ क्रमांकाचा घेतला तर फिल्म कोरी निघेल, कारण त्याचं दार उघडतं तिथं एसएफएक्सची नजर संपलेली असते. नेहमीचा तांबडा २५ क्रमांकाचा लावला तर आभाळ गडद होतं, पान मात्र पांढरं होत नाही.

आर७२ हातात घेऊन खिडकीकडे धरला तर काळ्या फरशीचा तुकडा वाटतो. डोळा दोन मिनिटं सरावला की उन्हातलं झाड त्यातून मिणमिणत्या लाल रंगात दिसायला लागतं.

ही काच लेन्सपुढे धरायची, तर ११० अंशांचा हिशेब बघा. मधल्या रेषेपासून ५५ अंशांनी तिरपा येणारा किरणही फिल्टरमधून गेला पाहिजे. त्यासाठी फिल्टर लेन्सच्या प्रवेशछिद्रापासून जेवढा पुढे, त्याच्या जवळजवळ तिप्पट त्याचा व्यास लागतो. छिद्रापासून ३० मिमी पुढे असेल तर सुमारे ८७ मिमीची काच हवी; आणि फिल्टरची कडी जाड म्हणून काच आणखी एक मिलिमीटर पुढे गेली की व्यास तीन मिलिमीटरनं वाढवा. ५० मिमीच्या लेन्सला हाच हिशेब एकास एकही पडत नाही, म्हणून तिथं एकावर एक दोन फिल्टर चढवले तरी बहुधा खपून जातं. वाइडला एका जाड कडीनंही चारही कोपरे काळे होतात. त्यातून कित्येक लेन्सची पुढची काच इतकी फुगीर असते की आटे पाडायला जागाच नसते. १९९९ मध्ये आलेली फोक्टलेंडरची १५ मिमी सुपर वाइड हेलियार हीही बिनआट्यांचीच होती; तिच्या पुढच्या आवृत्तीला ५२ मिमीचे आटे मिळाले, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निकॉनच्या जुन्या १५ मिमीच्या एफ/५.६ लेन्सनं तर फिल्टर पोटातच घेतले होते, फिरत्या चकतीवर.

पुढे जमत नाही तर मागे, असा विचार सुचतोच. मागची काच लहान असते, फिल्टरही लहान पुरतो. पण लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये काच आली की प्रतिमा काचेच्या जाडीच्या एकतृतीयांश मागे सरकते. २ मिमीची काच म्हणजे पाऊण मिलिमीटरला थोडी कमी सरक. ऐकायला किरकोळ; पण १५ मिमीच्या लेन्सला क्षितिज स्पष्ट हवं असेल तर अंतराची कडी साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरवर आणून ठेवावी लागेल! एफ/११ ला फिल्मपाशी चालून जाणारी चूक तिसरा हिस्सा मिलिमीटर. ही तिच्या दुप्पट.

म्हणून मागे लावायचा तो जिलेटिनचा. त्याची जाडी एक दशांश मिलिमीटर, सरक नगण्य. ८९बी क्रमांकाचं जिलेटिन आर७२ च्याच जातीचं. ते दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून धारदार ब्लेडनं कापायचं, बोट न लावता चिमट्यानं उचलायचं आणि लेन्सच्या मागच्या कडीवर पातळ टेपचे दोन तुकडे लावून बसवायचं. कॅननच्या १७-४० मिमीसारख्या काही लेन्सना यासाठी मागे खाचच दिलेली असते. घामाच्या बोटाचा ठसा उमटला तर जिलेटिन गेलंच म्हणून समजा, आणि मे महिन्यात मराठवाड्यात कोरडं बोट मिळणं अवघड. आणखी एक अडचण अशी, की आरशाच्या कॅमेऱ्यात मागे फिल्टर लावला की दृश्यदर्शकात काळोख होतो. ज्याचा दृश्यदर्शक लेन्सपासून वेगळा असतो त्या रेंजफाइंडरला हा जाच नाही. माझं मत विचाराल तर मागचा फिल्टर हे रेंजफाइंडरवाल्यांचंच काम. आरशाचा कॅमेरा असेल त्यानं आट्यांची २० किंवा २४ मिमीची लेन्स घ्यावी, चौकट ट्रायपॉडवर पक्की करावी आणि मगच पातळ कडीचा फिल्टर फिरवून बसवावा. १५ मिमीचा हट्ट सोडल्यानं देवळाचं काही बिघडत नाही.

तिरप्या किरणांची आणखी एक खोड आहे. ५५ अंशांनी येणारा किरण काचेत सुमारे एकपंचमांश जास्त अंतर कापतो. रंगीत काचेच्या आर७२ मध्ये यानं फारसं बिघडत नाही, कारण पलीकडच्या अवरक्ताला ती पारदर्शकच असते. पण पातळ थरांच्या लेपावर चालणारे व्यतिकरण फिल्टर घेतले, तर तिरप्या किरणांसाठी त्यांची सीमा ५० नॅनोमीटरहून जास्त अलीकडे सरकते. मग मधलं झाड पांढरं आणि कोपऱ्यातलं करडं. शिवाय समरचनेच्या वाइड लेन्समध्ये कोपऱ्यात प्रकाश मुळातच मध्याच्या नवव्या हिश्श्याएवढा पोचतो. गोर्ट्‌झ कंपनीच्या १९०० सालच्या हायपरगॉन लेन्समध्ये यावर मोठा मजेशीर उपाय होता: पुढे चांदणीच्या आकाराची चकती बसवून ती हवेच्या फुंकरीनं गरगर फिरवायची, म्हणजे मधला प्रकाश कमी पडायचा.

प्रत्यक्षात काढताना एसएफएक्सवर फिल्टरसाठी किमान १६ पट प्रकाश द्यावा लागतो. भर उन्हात एफ/११ ला सेकंदाचा पंचविसावा भाग धरून सुरुवात करा आणि त्याच्या पुढे दुप्पट, चौपट वेळ देऊन आणखी दोन फ्रेम घ्या. अवरक्ताचा फोकस किंचित वेगळा असतो, पण एफ/११ ला वाइड लेन्समध्ये ती तफावत झाकली जाते.

काळ निवडा सप्टेंबरचा. पावसानं धूळ बसलेली, आभाळ निळं आणि सोयाबीन-तूर हिरवीगार. मे महिन्यात धुळीनं पांढुरकं झालेलं आभाळ कुठल्याच फिल्टरनं काळं होत नाही आणि पानं गळलेलं झाड पांढरं होत नाही. शिल्पांसाठी मात्र हा मार्ग धरू नका. सावलीत पोचतो तो आभाळाचा निळा प्रकाश, त्यात अवरक्त जवळजवळ नसतंच. त्यामुळे सावलीत उभ्या मूर्ती शाईत बुडाल्यासारख्या येतात. देऊळ आणि परिसर अवरक्तात काढा, मूर्तींसाठी फिल्टर उतरवा.

शेवटी एक ताकीद. आर७२ काळा दिसतो म्हणून त्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे कधीही बघू नका, मुलांच्या हाती तर देऊच नका. तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतो, त्यामुळे डोळ्याची बाहुली विस्फारते आणि अवरक्त किरण बिनबोभाट आत जाऊन पडदा भाजतात. पडद्याला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं त्या क्षणी कळतही नाही.