सूट द्या, पण नेमकी

मुदखेडसारख्या तालुक्याच्या पेठेतही आता जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल आणि बँकेचा व्यवहार संगणकावरूनच होतो. इंटरनेटवरील जाहिराती रोखण्यासाठी बरेच व्यापारी फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ किंवा ‘ॲडब्लॉक प्लस’ यांसारखा अडसर बसवितात. ते योग्यच आहे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी यांसारख्या नामांकित संकेतस्थळांवरील जाहिरातींतूनही घातक प्रोग्राम पसरविले गेले होते. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयनेच असा अडसर वापरण्याचा सल्ला लोकांना दिला.

अडचण येते ती २० तारखेला. जीएसटीआर-३बी भरायचे असते, बटण दाबूनही पान पुढे सरकत नाही आणि कर देणे असल्यास उशिराबद्दल दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क डोक्यावर असते. मग घाईने माणूस अडसरच काढून टाकतो. एक दार अडकले म्हणून दुकानाच्या साऱ्या फळ्या उघड्या टाकण्यातला हा प्रकार झाला.

प्रथम दोष कोणाचा ते पाहावे. अडसर त्या पानापुरता बंद करून पान पुन्हा उघडावे. तरीही चालत नसेल, तर गर्दीमुळे पोर्टलच अडले असण्याचा संभव आहे. सूट देऊन उपयोग नाही. छपाईची नवी खिडकी उघडत नसेल, तर ती बहुधा ब्राउझरची स्वतःची बंदी असते. तिची परवानगी वेगळी द्यावी लागते.

दोष अडसराचाच निघाला, तर यूब्लॉकच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉगर’मध्ये, काय अडविले ते दिसते. तेवढ्यापुरताच अपवाद लिहावा. अपवादाचा नियम @@ या चिन्हाने सुरू होतो, त्यापुढे || आणि पत्ता येतो. शेवटी ^ हे चिन्ह विसरू नये. ते पत्त्याची हद्द ठरविते. ते नसेल, तर ‘जीएसटी.गव्ह.इन’ला दिलेली सूट याच अक्षरांपुढे टिंब देऊन भलतेच नाव जोडलेल्या बनावट पत्त्यालाही लागू पडते.

दुसरी गोष्ट, $ चिन्हापुढे ‘डोमेन’ हा शब्द (इंग्रजी अक्षरांत) लिहून ही सूट कोणत्या संकेतस्थळावर चालेल ते बांधून द्यावे. बँकेच्या पानासाठी एखाद्या परक्या कंपनीला सूट दिली आणि ही मर्यादा घातली नाही, तर ती कंपनी सर्वच संकेतस्थळांवर मोकळी होते.

प्रत्येक नियमाच्या वरच्या ओळीत ! चिन्ह देऊन तारीख व कारण लिहावे. अशी ओळ नियम म्हणून धरली जात नाही. दर तिमाहीस यादी चाळावी आणि गरज संपलेल्या नियमास काट मारावी. उधारी देताना आपण माणूस, रक्कम व मुदत पाहतो. सूटही तशीच पाहून द्यावी.