फळीवरचं विमान घेताना

कार्तिकी एकादशीला साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू झाली की आपली पावलं सुक्या मासळीच्या दुकानांकडे वळतात. बोंबील हातात घेऊन, वास घेऊन, भाव पाडूनच तुम्ही घेता. हीच नजर आता एका नव्या मालावर ठेवायची आहे.

लाकडी फळीवर छापलेली चित्रं हल्ली बाजारात येऊ लागली आहेत. त्यात पोरांचा जीव अडकतो तो उद्याच्या विमानांत. शेपूट नसलेली, वटवाघळासारखी, पंख्यांवर सरळ वर उठणारी! पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली, तेव्हा हे वेड वाढणारच. घरात एखादं लावलंत तर ती तुमची हौस. पण शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीसाठी पंचायतीच्या पैशातून डझनभर घ्यायचं ठरत असेल, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले भाऊसाहेब) यांनी आधी फळी उलटी करून बघावी.

'लाकडी' म्हणून विकतात ती फळी पुष्कळदा एमडीएफची असते. लाकडाचे बारीक तंतू चिकटवण घालून दाबले की ती तयार होते. शाई थेट फळीवर फवारून अतिनील प्रकाशात जागीच सुकवतात. शाई टिकते हो, पण खालची फळी टिकत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात. कडेतून पाणी शिरलं की एमडीएफ फुगतं आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. कड एकसारखी तपकिरी, थर न दिसणारी असेल तर समजा एमडीएफ. थर दिसले तर प्लायवूड. त्यातही 'आयएस ७१०' असा शिक्का असलेला प्लाय ओलीला टिकतो. गावच्या सुताराकडून तो मापात कापून घ्या, कडा आणि पाठ वार्निशने बंद करा आणि मगच छपाईला द्या. लावताना मागे लाकडी गुटके ठोका, म्हणजे भिंत आणि फळी यांत हवा खेळेल आणि वाळवी लागली तर वेळेवर दिसेल.

लाकूड आणि दमट हवा यांचं वैर खऱ्या विमानांनीही भोगलंय. इंग्रजांचं 'मॉस्किटो' हे लढाऊ विमान १९४० साली प्रथम उडालं. त्याचा सांगाडा बहुतांशी प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा होता. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांचे सांधे सुटून अपघात झाले, तेव्हा चिकटवण, जोडणी आणि इथली हवा यांवरच बोट ठेवलं गेलं. मग आपल्या फळीची काय कथा!

फळीइतकंच चित्रही तपासायचं आहे. घाट चढून गेलं की मळवली लागते. तिथे राजा रविवर्म्याचा छापखाना होता. त्या तसबिरींतली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेली आणि आजही डोळे मिटले की आपल्याला तीच रूपं दिसतात. शाळेच्या भिंतीवरचं विमानही पोरांच्या डोळ्यांत असंच बसणार.

'प्राचीन भारतीय विमान' म्हणून शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या नावांचे आराखडे दाखवतात. ते आहेत विसाव्या शतकातले. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथासाठी बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने १९२३ साली ते काढले. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली ते तपासले. ही यानं उडूच शकणार नाहीत आणि ग्रंथही १९०४ च्या आधीचा नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली विमान उडवल्याचं आपण अभिमानाने सांगतो, पण त्या उड्डाणाचाही भक्कम पुरावा नाही. चित्र म्हणून खुशाल लावा, पण धडा म्हणून नको.

याउलट बिनशेपटाचं विमान पाहून 'हे कसलं विमान' असं हसूही नका. अमेरिकेचं बी-२ असंच बिनशेपटाचं आहे आणि ते १९८९ सालीच उडालं.

म्हणून मागणी नोंदवताना प्रत्येक फळीखाली एक पट्टी मागा. तिच्यावर विमानाचं नाव, साल आणि 'उडालेलं' की 'कल्पनाचित्र' एवढंच लिहायचं. विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही, तर शाळेतल्या गुरुजींना विचारून मगच पैसे द्या.