सत्तर रुपये युनिटची वीज

महावितरणचं बिल आलं की घरोघरी युनिटचा दर काढून कुरकुर सुरू होते. बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या आपल्याच गाडीत वीज काय भावाने पडते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो हिशेब मांडला तर डोळे पांढरे होतात.

गाडीत वीज येते ती अल्टरनेटरमधून. इंजिनच्या बेल्टवर तो फिरतो. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, इंजेक्टर, फ्युएल पंप, इंजिनचा कॉम्प्युटर आणि गाणी हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. हा भार साधारण ४०० वॉट धरू. साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता साठेक टक्के असते, म्हणजे ४०० वॉट हातात पडायला इंजिनकडून सुमारे ६७० वॉट घ्यावे लागतात. इंजिनही पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी चौथा हिस्सा किंवा फार तर थोडा अधिकच कामाला लावतं. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत जाते. हे सगळं उलटं मोजत गेलं की तासाला पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल नुसत्या विजेसाठी जळतं असं दिसतं. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं, तर ०.४ युनिट विजेला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. म्हणजे युनिटला जवळपास सत्तर रुपये.

माइल्ड हायब्रिड गाडीची करामत कळायला हा आकडा फार उपयोगी पडतो. ‘हायब्रिड’ म्हटलं की विजेवर गुपचूप धावणारी गाडी डोळ्यांसमोर येते. माइल्ड हायब्रिड तशी धावत नाही. विजेवर ती दहा फूटसुद्धा जात नाही. ती मुख्यतः ही सत्तर रुपयांची वीज फुकटात मिळवायला बघते.

आपल्याकडे मध्यम आकाराच्या सेडानमध्ये हा प्रकार रुजवला मारुती सुझुकीच्या सियाझने. सप्टेंबर २०१५ मध्ये १.३ लिटरच्या डिझेल सियाझला एसएचव्हीएस नावाची यंत्रणा जोडली गेली आणि कागदावरचं ॲव्हरेज २६.२१ वरून २८.०९ किलोमीटरवर गेलं. २०१८ मध्ये पेट्रोलवरही तीच यंत्रणा आली. आधीचं १.४ लिटरचं इंजिन २०.७३ देत होतं, नवं १.५ लिटरचं इंजिन आकाराने आणि ताकदीने मोठं असूनही मॅन्युअलमध्ये २१.५६ द्यायला लागलं. (२०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि हा आकडा २०.६५ वर उतरला. धूर स्वच्छ करायची किंमत काही प्रमाणात ॲव्हरेजने मोजली.)

यातलं यंत्र अगदी साधं आहे. अल्टरनेटरच्या जागी तसंच दिसणारं, पण दोन्ही दिशांनी काम करणारं एक यंत्र बसतं. बेल्टने त्याला फिरवलं की वीज करतं. त्याला वीज दिली की तेच बेल्ट फिरवतं आणि इंजिनला जरासा हात देतं. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला वेळ ठरवून देतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत असाल तेव्हा ते शक्यतो वीज करायचं थांबतं, म्हणजे इंजिनची सगळी ताकद चाकांना मिळते. पाय उचललात की ते झडप घालतं आणि गाडीच्या वेगातून वीज काढून बॅटरीत भरतं. साध्या गाडीतला अल्टरनेटर चढावरही आणि उतारावरही राबत असतो. हे यंत्र नेमका उतार बघून कामाला लागतं. माझ्या मते बचतीचा मोठा भाग या वेळ साधण्यातच आहे. जाहिरातीत मिरवलेला ‘टॉर्क असिस्ट’ त्या मानाने दुय्यम.

२०१८ च्या पेट्रोल सियाझमध्ये बॅटऱ्या दोन आहेत. एक नेहमीची शिशाची, आणि दुसरी डाव्या सीटखाली दडवलेली छोटी लिथियम-आयन. शिशाच्या बॅटरीला घाईघाईत चार्ज घेणं जमत नाही, आणि ब्रेक लावण्याचे क्षण तर चार-दोन सेकंदांचेच असतात. तेवढ्यात जे मिळेल ते लिथियम गटकन गिळते. तिची क्षमता मात्र १२ व्होल्ट आणि ६ ॲम्पिअर-अवर, म्हणजे ७२ वॉट-अवर. त्यावर घरातला छताचा पंखा तासभर फिरेल, पुढे नाही.

आता एक गंमत बघा. दोन माणसांसह सियाझचं वजन साधारण १,२०० किलो होतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. सिग्नल लाल होतो, आपण ब्रेक दाबतो आणि ती सगळी ऊर्जा ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते. तेवढा वेग पुन्हा गाठायला सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागतं. ६० वरून शून्यावर आणलेला प्रत्येक थांबा दोन रुपयांचा! पुण्यात नळ स्टॉपपासून डेक्कनपर्यंत जाताना यातले किती खर्च होतात, ते ज्याचं त्यानं मोजावं.

आणि ती सीटखालची बॅटरी? तिच्यात सगळे मिळून २५९ किलोज्यूल मावतात, म्हणजे जेमतेम दीड थांब्याची ऊर्जा. शिवाय ती सगळी पकडताही येत नाही. आठ सेकंदांत गाडी थांबवली तर ब्रेकवर सरासरी वीसेक किलोवॉटचा मारा होतो. बारा व्होल्टच्या तारेतून नुसते दोन किलोवॉट न्यायचे तरी १७० च्या आसपास ॲम्पिअर लागतात. त्यापुढे तारा मनगटाएवढ्या जाड कराव्या लागतील. म्हणून बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्येच जळते आणि यंत्रणेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

व्होल्टेज चौपट केलं की हीच अडचण बरीच सुटते. चाकणच्या कारखान्यात जुळणी होणारी मर्सिडीजची सी-क्लास २०२२ पासून ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड आहे. तिचं यंत्र वीसेक हॉर्सपॉवरचा जोर लावतं. मात्र ती घेणाऱ्यांना सिग्नलवरचे दोन रुपये मोजत बसायची सवय नसावी.

मुंबई-पुणे रस्त्यावर सियाझची यंत्रणा काय करते, हे त्याहून मजेदार आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. चार माणसं आणि सामान धरून १,४०० किलोंची गाडी असेल, तर या उतारात जवळपास ६९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. चढताना हीच ऊर्जा मिळवायला पाऊण लिटरच्या आसपास जादा पेट्रोल जाळलेलं असतं. सीटखालच्या बॅटरीच्या क्षमतेच्या ही ऊर्जा सव्वीसपटीहून जास्त आहे. सगळी ऊर्जा टिपता आली असती, तर एकोणीस मीटर उंची उतरताच बॅटरी भरली असती आणि बाकीचा अख्खा घाट तिला नुसता बघत बसावं लागलं असतं.

घाटात खरं पेट्रोल वाचवते ती एक वेगळीच गोष्ट, आणि ती बिगर-हायब्रिड गाड्यांतही असते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतात. इंजिन फिरत राहतं, पण ते चाकं फिरवतात म्हणून. त्या वेळी खर्च अक्षरशः शून्य असतो. उलट ‘न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं’ म्हणणाऱ्या काकांच्या गाडीत इंजिन आयडलिंगला येतं आणि पेट्रोल पीतच राहतं. वर इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार तापलेल्या पॅडवर पडतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हा सल्ला अजून का टिकून आहे, कोण जाणे.

एक्सप्रेसवेच्या सपाट भागावर, शंभराच्या वेगात, माइल्ड हायब्रिडला जवळपास काही कामच नसतं. ना थांबे, ना उतार. तिथे मुकाबला हवेशी असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की दीडपटीहून जास्त. तिथे उजवा पाय हलका ठेवण्याचा फायदा कुठल्याही बॅटरीपेक्षा मोठा.

शहरात मात्र सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, आणि क्लच दाबला की न बोलता सुरू होतं. सेल्फ मारल्याचा तो ओळखीचा खर्र आवाज येत नाही, कारण बेल्टच इंजिनला फिरवून देतो. (सकाळी थंड इंजिन सुरू करायला साधा सेल्फच लागतो.) अडचण एसीची. कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो, ब्लोअर कोमट हवा फेकायला लागतो आणि थोड्याच वेळात यंत्रणा स्वतःहून इंजिन चालू करते. मे महिन्यातल्या मुंबईत म्हणून ही सोय बरीचशी नावापुरती उरते, आणि अनेक जण बटण दाबून ती बंदच करून टाकतात.

मग तो २१.५६ चा आकडा आला कुठून? लोक त्याला ‘एआरएआयचं ॲव्हरेज’ म्हणतात. एआरएआय ही संस्था पुण्यातलीच, १९६६ पासूनची, वेताळ टेकडीवर वसलेली. देशात मानेसरच्या आयकॅटसारख्या आणखीही मान्यताप्राप्त संस्था आहेत. गाडी तिथे रस्त्यावर पळत नाही. ती रोलरवर उभी राहते आणि ठरलेल्या तालावर चालते. शहरी भागाचा १९५ सेकंदांचा एक तुकडा चार वेळा वाजतो. त्यात कमाल वेग ५० आणि जवळपास तिसरा हिस्सा वेळ गाडी नुसती उभी. मग थोडा मोकळा भाग, ९० च्या वर न जाणारा. एसी बंद. उभं राहणं इतकं असल्यावर इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेला तिथे भरघोस गुण मिळणार, हे ओघानंच आलं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे पेट्रोल मोजतच नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. टाकीतून गेलेला प्रत्येक कार्बन अणू धुरात सापडलाच पाहिजे. त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. एक लिटर पेट्रोलचं वजन असतं पाऊण किलोच्या आत, आणि त्यातून तयार होतो सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. जादाचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं! म्हणजे २१.५६ चं ॲव्हरेज देणारी गाडी दर किलोमीटरला स्वतःच्या मागे सुमारे १०७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडत जाते.

सरकारचं या गाड्यांवरचं प्रेम अल्पायुषी ठरलं. २०१५ च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही सवलत होती. २०१७ च्या एप्रिलपासून ती गेली, पाठोपाठ जीएसटी आला आणि डिझेल सियाझ लाखभर रुपयांनी महागली. इतक्या थोड्या बचतीसाठी सरकारी पैसा देण्यात अर्थ नव्हता, असंच माझंही मत आहे.

कारण बचत खरोखर थोडी आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणारं घर धरू. रस्त्यावर साधी गाडी १५ देत असेल आणि माइल्ड हायब्रिड १६, तर ८०० लिटरच्या जागी ७५० लिटर पेट्रोल लागतं. पन्नास लिटर वाचले, म्हणजे सव्वापाच हजार रुपये. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या आसपास.

आता बारा लाखांची गाडी घ्या. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांनी तिची किंमत निम्मी धरतात: सहा लाख गेले. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी एक लाख चव्वेचाळीस हजार. हे पाच वर्षांच्या ६०,००० किलोमीटरवर पसरले तर किलोमीटरला बारा रुपयांच्या वर जातात. पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट! विमा, टायर, सर्व्हिसिंग अजून धरलेलंच नाही. ‘ॲव्हरेज किती देते’ हा प्रश्न शोरूममध्ये सगळ्यात आधी विचारला जातो, आणि तो खर्चाच्या धाकट्या भागाविषयी असतो.

सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. आता ती मिळेल ती सेकंडहँड बाजारातच, आणि तिथे हे गणित पालटतं. किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, रोड टॅक्सही त्यानेच भरलेला असतो. उरलेल्या खर्चात पेट्रोलच पुन्हा पहिल्या नंबरावर येतं, आणि वर्षाचे ते पन्नास लिटर तेव्हा कुठे हिशेबाच्या वहीत दिसायला लागतात. फक्त घेण्याआधी इंजिन चांगलं गरम होऊ द्यावं, गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून क्लच सोडावा आणि इंजिन आपोआप बंद होतं का ते बघावं. होत नसेल तर निदान बॅटऱ्या तपासून घेतल्याशिवाय भाव ठरवू नये.