पहिला प्रबंध: विषय घरातच सापडतो!

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना आता चौथ्या वर्षी लघुप्रबंध लिहिण्याची संधी आहे. पण विषय कसा निवडावा आणि प्रस्ताव कसा मांडावा, हे ठाऊक नसल्याने अनेक जण सुरुवातीलाच गांगरून जातात.

समजा, चाकणच्या कारखान्यातून बदली होऊन एक मराठी कुटुंब मानेसरला आले आहे. वडील मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर, आई गृहिणी, धाकटा मुलगा शाळेत. थोरली मुलगी दिल्लीच्या कॉलेजात इंग्रजी ऑनर्स करते. पहाटे उठून आधी बसने गुरुग्राम, मग मेट्रोने विद्यापीठ. तिसरे वर्ष संपत आले आणि एका रात्री जेवताना तिने सांगितले, ‘‘मी चौथं वर्ष करणार. डिझर्टेशन लिहायचंय.’’

वडिलांचा घास हातातच राहिला. ‘‘तीन वर्षांत डिग्री मिळते ना? मग आणखी एक वर्ष कशाला वाया घालवायचं?’’

आज हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पैसा, प्रवास, वय या सगळ्यांचा हिशेब घर चालवणाऱ्याला करावाच लागतो. म्हणून आधी हा हिशेबच नीट पाहायला हवा.

वर्ष वाया जाते का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते. दिल्ली विद्यापीठात २०२२ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२५ मध्ये चौथ्या वर्षात गेली. महाराष्ट्रातील विद्यापीठांतही हीच चौकट आली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्यात प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. विद्यापीठागणिक तपशील बदलतात, म्हणून आपल्या कॉलेजचा नियम आधी लेखी स्वरूपात पाहून घ्यावा.

चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या एम.ए.ची तरतूद आहे. म्हणजे तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, बेरीज पाचच. शिवाय २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही अर्ज करता येतो. मात्र आपल्याला हव्या त्या विद्यापीठात एक वर्षाचे एम.ए. सुरू झाले आहे का, हे चौकशी करूनच ठरवावे. हा कागद समोर ठेवला, तर वडिलांशी वाद न होता बोलणे होऊ शकते.

विषय म्हणजे प्रश्न

पहिली चूक होते ती विषय निवडताना. ‘शेक्सपियरच्या नाटकांतील स्त्रिया’, ‘भारतीय इंग्रजी कादंबरीतील समाज’ असे विषय ऐकायला भारदस्त वाटतात. पण त्यांवर लिहायला एक जन्म पुरणार नाही. पदवीच्या प्रबंधासाठी हातात दोन सत्रे असतात, त्यातही परीक्षा आणि इतर विषय असतात. म्हणून एखादी कलाकृती, फार तर दोन आणि त्यांच्याविषयी एकच प्रश्न, एवढे पुरे.

हा प्रश्न परदेशी लेखकांतच शोधावा असे नाही. घरात दोन भाषा असणे ही मराठी मुलांची मोठी मिळकत आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंजारराव’ हे ‘ऑथेल्लो’वरून १८९० मध्ये आले. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी ‘किंग लिअर’चे भाषांतर केले. किरण नगरकरांनी पहिली कादंबरी मराठीत लिहिली आणि पुढे ते इंग्रजीत लिहू लागले. मूळ आणि मराठी रूप दोन्ही वाचू शकणारे विद्यार्थी दिल्लीच्या वर्गात किती असतील? हॅम्लेटचे एकच स्वगत घेऊन आगरकरांनी मराठीत काय राखले, काय सोडले, एवढा प्रश्नही उत्तम प्रबंध होऊ शकतो.

मानेसरच्या या मुलीला वर्गात अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ भेटते. १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या इंग्रजी कवितासंग्रहाला १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. बसने येणारा एक प्रवासी देवळे, पुजारी, पायऱ्या, दगड पाहतो आणि शेवटी रेल्वे स्टेशनवर येऊन थांबतो. भालचंद्र नेमाड्यांसारख्या मराठी समीक्षकाने या दृष्टीवर टीका केली होती.

घरी ती हे सांगते तेव्हा आई हसते. ‘‘अगं, खंडोबा तर आपलं कुलदैवत. तळी कशी भरतात, भंडारा का उधळतात, हे आजीला विचार. यात संशोधन कसलं?’’

संशोधन नेमके इथेच सुरू होते. आजीला जी जेजुरी दिसते ती कवितेतल्या प्रवाशाला का दिसत नाही? त्याला दिसत नाही, की कवी मुद्दाम दाखवत नाही? तो श्रद्धेची थट्टा करतो, की दगडातही काही शोधतो? हा झाला प्रश्न. मात्र एक सावधगिरी हवी. आजीची आठवण प्रश्न सुचवू शकते, उत्तर देऊ शकत नाही. उत्तर कवितेच्या ओळींतूनच काढावे लागते. ‘आमच्याकडे असे नसते’ हा कवितेविरुद्धचा पुरावा होत नाही.

प्रस्तावात काय असावे?

बहुतेक ठिकाणी प्रस्ताव काही पानांचाच असतो. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट हव्यात:

शीर्षक: छोटे आणि नेमके. कोणती कलाकृती आणि कोणता प्रश्न, हे शीर्षकावरूनच कळावे.

प्रश्न: एक किंवा दोन वाक्यांत. हा प्रश्न शेजारच्या काकूंना साध्या मराठीत सांगता आला नाही, तर तो आपल्यालाच अजून कळलेला नाही असे समजावे.

आधीचे लेखन: या विषयावर कोण काय म्हणाले आणि आपले म्हणणे कुठे वेगळे आहे. नुसती नावांची जंत्री नको. दोन-तीन महत्त्वाचे लेख नीट वाचून त्यांच्याशी बोलावे.

पद्धत: कविता बारकाईने वाचणार, दोन भाषांतील रूपे ताडून पाहणार, की त्या काळातील परीक्षणे धुंडाळणार? साहित्यातही पद्धत सांगावी लागते.

प्रकरणे आणि वेळापत्रक: तीन प्रकरणे पुष्कळ झाली. तारीख शेवटाकडून मोजावी. सादर करण्याच्या दिवसाआधी एक महिना दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. दिवाळी, लग्नसराई, परीक्षा आधीच वगळाव्यात.

संदर्भ: इंग्रजी विभागांत बहुधा एमएलए पद्धत चालते. वाचतानाच पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान वहीत टिपून ठेवले, तर शेवटच्या रात्रीची धावपळ टळते.

पुस्तके कुठे मिळतील?

मानेसरसारख्या कारखान्यांच्या गावात मराठी पुस्तक मिळणे कठीणच. पण मेट्रोने मंडी हाऊसला उतरले, की फिरोजशाह मार्गावर साहित्य अकादमीचे ग्रंथालय आहे. तिथे भारतीय भाषांतील पुस्तके आहेत. देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या मामाला पुस्तकांची यादी देता येते.

उचलेगिरी मात्र करू नये. २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधातील मजकूर १० टक्क्यांपेक्षा अधिक जुळला तर कारवाईच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मोबाईलवरच्या यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही आपला नसतो आणि ते यंत्र कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही बेधडक देते. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा.

मार्गदर्शकाकडे जाताना

‘‘मॅडम, मला विषय द्या,’’ असे म्हणत जाऊ नये. एका पानावर दोन संभाव्य प्रश्न आणि वाचलेल्या चार गोष्टी लिहून न्याव्यात. मॅडमनी खोडले तर रडू नये. पहिला प्रस्ताव क्वचितच जसाच्या तसा मान्य होतो. ‘हे फार मोठे आहे, लहान कर’ हा शेरा म्हणजे नकार नाही, मदत आहे. प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते लिहून ठेवावे.

घरच्यांनीही थोडा हातभार लावावा. रोज दोन तास दूरदर्शन संच बंद, पाहुणे आले तर चहा भावाने करायचा, एवढे ठरवले तरी खूप झाले. प्रबंध मुलगी लिहिणार असली, तरी शांतता घरानेच द्यायची असते.

आणि वडिलांचे काय? त्यांना प्रस्तावाचे पहिले पान मराठीत वाचून दाखवावे. कारखान्यात कोणतेही काम सुरू करण्याआधी आराखडा, वेळ आणि माल यांचा हिशेब ते रोजच करतात. मुलीच्या हातातला कागद त्याच जातीचा आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल. कदाचित ते एवढेच विचारतील, ‘‘मग जेजुरीला कधी जायचं?’’