हात काळे झाले म्हणून लाज कसली?

गेल्या वर्षावासातील गोष्ट. शेजारच्या गावी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाचा कार्यक्रम होता. आम्ही आमच्या शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलवर निघालो. मागे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बसले होते, मांडीवर पुस्तकांची पिशवी. अर्ध्या वाटेत गाडी गचके देऊन बंद पडली. चोक ओढला की चालू व्हायची, चोक सोडला की पुन्हा बंद. ढकलत ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. तेथील कारागिराने गाडी न उघडताच निकाल दिला, “कार्बुरेटर गेला साहेब, नवीन टाका.” त्याने सांगितलेला आकडा महिनाअखेरीस कोणत्याही कारकुनाचा घसा कोरडा करणारा होता. आम्ही चोक ओढूनच गाडी कशीबशी घरी आणली.

घरी आमचा पुतण्या होता. आयटीआयमध्ये मेकॅनिकचे शिक्षण घेतो. त्याने अंगणात वर्तमानपत्र पसरले, कार्बुरेटर उतरवला आणि तासाभरात दोष हातावर ठेवला. पायलट जेट नावाच्या पितळी तुकड्याचे सुईच्या टोकाएवढे छिद्र कचऱ्याने बुजले होते. खर्च झाला तो एका गॅस्केटचा.

वाचकहो, येथे एक कबुली दिली पाहिजे. हाच मुलगा आयटीआयला जातो म्हणाला तेव्हा सर्वांत मोठा विरोध आमचा होता. “कॉलेजात जा, खुर्चीवर बस, हात काळे करू नकोस,” असे आम्हीच त्याला सुनावले होते.

कार्बुरेटर करतो काय?

इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. ते हवेत मिसळून द्यावे लागते. साधारणपणे १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. हा हिशेब कार्बुरेटर सांभाळतो. त्याच्या अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. गाडी उभी असताना पायलट जेट काम करते, वेग वाढला की निडल आणि मेन जेट. आमची गाडी चोकवरच का चालत होती ते आता ध्यानात येईल. पायलट जेट बुजल्याने पेट्रोल कमी पडत होते. चोक ओढला की हवा अडते आणि ती कमतरता भरून निघते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींत बहुतेक इंजेक्शनच असते. पण आपल्या वस्त्यांत, खेड्यापाड्यांत धावणाऱ्या जुन्या गाड्या अजून कार्बुरेटरवरच आहेत.

साफसफाई कशी करावी?

काम मोकळ्या हवेत करावे. जवळ चूल, विडी, मेणबत्ती काही नको. आधी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि वाटीतले पेट्रोल भांड्यात काढावे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत पिळून किती फेरे बसतात ते मोजावे आणि लिहून ठेवावे. आमच्या घरी हे काम नववीतल्या मुलीने केले. तिच्या वहीत “दीड फेरा” ही नोंद आजही आहे.

रबरी भाग आधी वेगळे काढावेत, कारण क्लीनरने ते फुगतात. जेटमध्ये तार किंवा सुई कधीही घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंकावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. गोल छिद्र स्वच्छ दिसले पाहिजे. फ्लोटच्या सुईच्या टोकावर खाच पडली असेल तर ती बदलावी, नाहीतर पेट्रोल वाहत राहते.

घाण येते कोठून? टाकीतल्या गंजातून, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीतल्या पेट्रोलमधून. ते उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करावी.

ट्यूनिंग

हे काम इंजिन गरम असतानाच करावे. पाच-दहा मिनिटे गाडी चालवून आणावी. आयडलचा स्क्रू थोडा पिळून इंजिनाचा वेग किंचित वाढवावा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जावा. जेथे इंजिन सर्वांत जलद आणि एकसुरात चालते तेथे थांबावे आणि आयडल पुन्हा खाली आणावा. एक खूण लक्षात ठेवावी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत पिळला की मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत पिळला की पातळ होते.

नंतर प्लग काढून पाहावा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि यात इंजिन तापून पिस्टन धरण्याचा धोका. फिकट तपकिरी रंग आला म्हणजे जमले. भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले होते. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. पुतण्या स्क्रू फिरवत होता तेव्हा आम्हाला तेच आठवले.

दोन कार्बुरेटरांची जोडी

पुतण्याच्या वस्तादाकडे एक राजदूत ३५० आली होती. १९८०च्या दशकात आपल्याकडे बनलेली ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बुरेटर. येथे बॅलन्सिंग करावे लागते. आधी केबल सैल ठेवून दोन्हीकडचा आयडल सारखा करायचा. मग फिल्टर काढून मूठ हळूहळू फिरवायची आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते पाहायचे. एक मागे राहिली तर केबलच्या ॲडजस्टरने जुळवायचे. शेवटी दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून धक्का सारखा लागतो का ते अजमावायचे. जोडी जुळली नाही तर एक सिलिंडर ओझे ओढतो आणि दुसरा नुसता फरफटत जातो. गाडी थरथरते आणि पेट्रोलही जास्त खाते. संघटनेत काम केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

प्रश्न हातांचा

आपल्या पूर्वजांच्या हातावर गावाने घाणीचे काम लादले. त्यात निवड नव्हती, मोल नव्हते, मान तर नव्हताच. म्हणून आमच्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आम्हाला बी.कॉम. केले, आणि ते योग्यच होते. पण लादलेले काम आणि शिकून घेतलेली विद्या यांतला फरक आम्ही विसरलो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारागिरांच्या तांत्रिक शिक्षणाचे काम त्याच खात्याकडे होते, याचा आम्हाला विसर पडला होता. आज सरकारी जागा कमी होत चालल्या आहेत. पदवी घेऊन घरी बसलेली मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना हात काळे करू नका म्हणणारे आमच्यासारखेच काका-मामा आहेत.

आता महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारात पुतण्या पेटी उघडून बसतो. पहिल्या वेळी चार मुले आली. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, “मुलींना कोणी बोलावले का?” दुसऱ्या वेळी आमची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी पाने घेऊन बसल्या होत्या. मागच्या रविवारी तिने आमच्याच गाडीचा कार्बुरेटर स्वतः उघडला, साफ केला आणि बसवला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

आपल्या विहारातही अशी एक पेटी ठेवून पाहा. जय भीम!