पायऱ्या, पोरं आणि दोन हात

कोथरूडच्या आमच्या रो-हाउसमध्ये पाळणाघर सुरू झालं ते 1995 च्या सुमारास. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा ते बंद झालं, ते कायमचंच. मधल्या काळात मुलांच्या खाण्याबद्दल, झोपेबद्दल, चावऱ्या पोरांबद्दल त्यांच्या आयांशी पोटभर बोलणं झालं. जिन्याबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारलं. घरातच पाळणाघर चालवणाऱ्या बाईचा सगळा दिवस खरं तर जिन्याभोवती बांधलेला असतो. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि गच्ची, मध्ये एक वळण घेणारा जिना. एका वेळी सहा-सात मुलं, त्यातली दोन-तीन तान्ही, बाकीची दीड ते तीन वर्षांची. सांभाळणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि मदतीला येणाऱ्या मावशी. हातांचा हिशेब पहिल्या दिवसापासूनच जुळत नव्हता.

सुरुवातीला सगळे म्हणायचे, दार करून घ्या. यात नवं काहीच नव्हतं. रांगतं मूल बाहेर जाऊ नये म्हणून जुन्या घरांत उंबरठ्याला आडवी फळी लावत. पुण्यातल्या वाड्यांत अरुंद, उभ्या जिन्याच्या तोंडाशी वरून झडप असे. ती असे चोरासाठी, पण एकदा पाडली की वरच्या मजल्यावरचं रांगतं पोरही सुरक्षित. नव्या घरांतून फळी गेली, झडप गेली आणि जिना थेट हॉलमध्ये उघडा येऊन बसला. दिसायला छान, सांभाळायला कठीण.

तयार गेट तेव्हा दुकानात सहजी मिळत नव्हतं, म्हणून सुतार बोलावला. तो आडव्या पट्ट्यांचं दार सुचवत होता, कारण ते स्वस्तात होतं. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांच्या हाती शिडीच. म्हणून उभ्या पट्ट्यांचं करून घेतलं, कडी बाहेरच्या बाजूला आणि खाली. कठड्याच्या गजांमध्येही मोठी मोकळीक होती. चार इंचाचा चेंडू फटीतून पलीकडे जाता कामा नये, अशी अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत कसोटी आहे. आमच्या कठड्यातून नारळही सहज गेला असता. फॅब्रिकेटरनं दर दोन गजांमध्ये आणखी एकेक गज वेल्ड करून दिला, तेव्हा कुठे मावशींचा जीव भांड्यात पडला.

पुढे ऑनलाइन खरेदी आली आणि दोन भिंतींमध्ये नुसत्या दाबानं बसणारी गेटं घरोघरी दिसू लागली. खालच्या पायरीशी ती चालतात. जिन्याच्या वरच्या तोंडाशी ती लावू नयेत. दोन पोरं एकदम येऊन आदळली की गेट जागचं सरकतं. शिवाय त्याच्या तळाशी आडवी पट्टी असते. कडेवर मूल घेऊन ती ओलांडताना बाईचाच पाय अडकतो, आणि समोर उतरता जिना असतो. वरचं दार भिंतीत स्क्रूनंच पक्कं करायचं आणि ते खोलीच्या बाजूला उघडेल असं बसवायचं.

इतकं करूनही दारानं मिळतो तो थोडा वेळ, उकळत्या पाण्यातून दुधाची बाटली बाहेर काढण्यापुरता. मुलांपेक्षा मोठी माणसंच कडी लावायला विसरतात: गच्चीवर टाकी बघायला गेलेला प्लंबर, गणपतीत आलेले पाहुणे, घरातले आजोबा. सगळा भरवसा कडीवर टाकला, तर जिना सांभाळायची जबाबदारी घरात शिरणाऱ्या प्रत्येकावर जाऊन पडते.

मुलाच्या बाजूनं जिना कसा असतो, हेही हळूहळू उमगत गेलं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची 190 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल टेकायची रुंदी निदान 250 मिलिमीटर असावी. वर्षाचं मूल साधारण पाऊण मीटर उंच असतं, म्हणजे नियमात बसणारी पायरीही त्याच्या उंचीच्या पावपट. आपल्याला दर पावलाला जेवणाच्या खुर्चीवर चढावं लागलं तर काय होईल, तसं ते असतं. तरीही मुलं चढतात, आणि आनंदानं चढतात. अमेरिकेत सातशेहून अधिक बाळांची माहिती गोळा करून केलेला एक अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात दिसलं की बाळं सरासरी अकराव्या महिन्याच्या आसपास जिना चढायला लागतात आणि उतरायला मात्र साडेबाराव्या महिन्याच्या सुमारास शिकतात. मधला महिना-दीड महिना ती वर जाऊ शकतात, खाली येऊ शकत नाहीत. घरात एकच मूल असेल तर हा काळ डोळ्यांत तेल घालून काढता येतो. पाळणाघरात एक मूल त्यातून बाहेर पडतं तोवर दुसरं त्यात शिरलेलं असतं.

चाकांचा वॉकर या वयाच्या मुलासाठी जिन्याजवळ सगळ्यात घातक. आपल्याकडच्या जुन्या पांगुळगाड्याला मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. वॉकरमध्ये ते बसूनच असतं आणि फरशीवरून असं सुसाट सुटतं की चार पावलांवर असलेल्या माणसालाही गाठता येत नाही. कॅनडानं 2004 मध्ये या वॉकरच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. आमच्याकडे बाळाबरोबर कुणी वॉकर आणून ठेवला, तर तो संध्याकाळी बाळाबरोबरच घरी परत जायचा. एका आजींना याचा फार राग आला होता. पण नियम तो नियम.

माझी सगळी भीती सुट्या मुलाची होती. जिन्यावरचं मूल आपल्याच कडेवरूनही पडतं, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या दहा वर्षांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जिन्यावर जखमी झालेल्या एक वर्षाखालच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलं त्या वेळी कुणाच्या तरी हातात होती. कडेवर मूल असलं की आपली पायरी आपल्याला दिसत नाही. त्यात साडी असेल, तर उतरताना निऱ्या पायात येतात. मी कामाच्या वेळेपुरता पंजाबी ड्रेस घालू लागले, तेव्हा सोसायटीत जरा कुजबुज झाली. मावशींनी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून तोच प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. पुढचे नियम आपोआप ठरत गेले: मूल डाव्या कडेवर, उजवा हात कठड्यावर, पायात चप्पल किंवा मोजे नाहीत, हातात दुसरं काहीही नाही. एका वेळी एकच मूल. दोन कडांवर दोन मुलं घेऊन जिना चढणाऱ्या बाईचं कौतुक होतं, पण तिला कठडा धरायला हात उरत नाही.

2005 च्या सुमारास लोडशेडिंगनं आणखी एक धडा दिला. हिवाळ्यात आया मुलांना न्यायला यायच्या त्याच वेळी नेमका अंधार व्हायचा आणि दिवे जायचे. वळणावर इमर्जन्सी दिवा कायमचा बसला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी मारली गेली. जिन्याची फरशी पुसायची वेळही बदलली. मुलं यायच्या आधी किंवा गेल्यानंतरच पुसायची, मधे नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक पडला तो मात्र दोन अनपेक्षित गोष्टींनी, डायपर आणि मोबाइल. सुरुवातीच्या वर्षांत लंगोट आणि दुपटी धुऊन गच्चीवर वाळत घालायची. ऊन गेलं की काढायची, पाऊस आला की धावायचं. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा दोघींपैकी एक जण जिन्यावर, आणि खाली सगळी मुलं एकीच्याच जिवावर. फोन वरच्या खोलीत. तो वाजला की ऑफिसातून कुठली तरी आई काळजीनं विचारत असायची, म्हणून धावतच जायचं. डायपर रुळले तशा गच्चीच्या फेऱ्या कमी झाल्या. मोबाइल ॲप्रनच्या खिशात आला आणि फोनसाठी पळणं संपलं. जिना तोच, मुलं तितकीच, पण धाकधूक निम्म्यावर आली. तेव्हा लक्षात आलं की जिना सुरक्षित करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्यावर जायची गरजच कमी करणं.

मग तोच धागा पकडून घर बदललं. वर थंड असतं म्हणून दुपारी सगळ्यांना वर झोपवायची पद्धत होती. ती मोडली, हॉलमध्ये गाद्या आल्या आणि खिडकीला वाळ्याचे पडदे लागले. तान्ह्यांचे पाळणे कायमचे तळमजल्यावर, दाराजवळच्या खोलीत आले. आग लागली, गॅसचा वास आला, तर चालता न येणारी मुलं जिन्यावरून उतरवायची वेळच येऊ नये, हाही त्यात विचार होता. कपडे, औषधं, बदलायच्या चादरी, सगळ्याचा एकेक जोड खाली. वरचा मजला फक्त मोठ्या मुलांच्या रंगकामासाठी उरला, आणि तोही मावशी असतील त्याच दिवशी. मी एकटी असले की जिना बंद.

याचा अर्थ मुलांना पायऱ्या दाखवायच्याच नाहीत असा नाही. उद्या ती आजोळी जातील, चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहतील, पर्वतीला जातील. खालचं दार मी मुद्दाम पहिल्या पायरीशी न लावता तिसऱ्या पायरीवर लावून घेतलं. खालच्या दोन पायऱ्या मोकळ्या आणि त्यांच्यासमोर जाड सतरंजी. तिथं चढउताराची शाळा भरायची. उतरायचा धडा एकच: पोटावर व्हायचं, पाय आधी. दीड वर्षाची पोरं पायऱ्यांशी येऊन आपणहून पाठमोरी व्हायची आणि पायानं खालची पायरी चाचपडायची. मोठ्यांसाठी वेगळे नियम. चढताना मोठं माणूस मुलाच्या मागे, उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला. एक मूल उतरत असताना बाकीच्यांनी वळणावर बूड टेकून बसायचं आणि नाव घेतल्यावरच उठायचं. हा खेळ त्यांना इतका आवडायचा की कुणी आधी उठलं तर बाकीचीच आरडाओरडा करायची. आणि सगळ्यांत आधी तान्ही पाळण्यात, मग चालणाऱ्यांची वरात. हा क्रम कधीच उलटा नाही.

शेवटच्या काही वर्षांत पालकांचे प्रश्न बदलले. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दल विचारू लागला. ते साहजिकच होतं. कॅमेरे मीही बसवले. पण कॅमेरा पडणाऱ्या मुलाला धरत नाही, आणि वरच्या दाराची कडी दाखवा असं म्हणणारे पालक तेव्हाही विरळाच होते.

पाठोपाठ 2017 मध्ये मातृत्व रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. आयांसाठी ही फार मोठी गोष्ट. पाळणाघरात तिचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नसेल. पूर्वी बाळं अडीच-तीन महिन्यांची यायची, पालथं पडायलाही आमच्याकडेच शिकायची आणि रांगू लागेपर्यंत घर त्यांच्या ओळखीचं झालेलं असायचं. आता ती सहा-सात महिन्यांची, रांगायच्या बेतात असतानाच येऊ लागली. आईचा विरह आणि अनोळखी घर, दोन्ही एकदम. त्यात समोर जिना. म्हणून पहिले काही दिवस अशा बाळामागे एक माणूस ठेवावंच लागे.

परवा हिंजवडीकडे डुप्लेक्समध्ये पाळणाघर सुरू करणारी एक मुलगी भेटायला आली. कुठल्या कंपनीचं गेट घेऊ, असं विचारत होती. मी तिला म्हटलं, गेट आठवड्यानं घे. आधी एक दिवस मुलं आहेत असं धरून घरात वावर. जिन्यावर पाय ठेवलास की दरवेळी कागदावर लिही, कशासाठी गेलीस आणि त्या वेळी मुलं कुणापाशी असती. संध्याकाळी त्यातलं जे जे खाली आणता येईल ते खाली आण आणि कागदावरची ती ओळ खोड. ज्या ओळी उरतील, तेवढ्यासाठी दुसरं माणूस ठेव. दुसरं माणूस परवडत नसेल तर मुलं कमी घे. हे सगळं झाल्यावर गेट घे, आणि वरचं भिंतीत स्क्रू मारून बसव.